टेबलाखालची स्टेपनी

“बाबा, गाडीची स्टेपनी माझ्या टेबलाखाली का असते?”

हा प्रश्न मला विचारायला लावला तो लांबुडीने आणि कुलूपने. लांबुडी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून लांबुडी. कुलूपच्या पोटात काही राहत नाही, म्हणून कुलूप. मला त्या दोघी ‘चौकशी खिडकी’ म्हणतात, तेही गेल्या दोन महिन्यांपासून. त्याआधी मला टोपणनाव द्यावं एवढी मी कुणाच्या डोळ्यांत भरलेच नव्हते. मग एका सकाळी सगळी शाळा मैदानात उभी असताना मी मोठ्या बाईंना विचारलं, की मुलींच्या बाथरूमच्या दाराला कडी कधी बसणार. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी कडी बसली. तेव्हापासून कुणालाही काहीही विचारायचं असलं की मुली मला पुढे ढकलतात, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची चटक लागली आहे.

स्टेपनीचा विषय निघाला कारण कुलूपच्या पायाचा अंगठा तिच्यावर आपटला. आम्ही तिघी माझ्या खोलीत अभ्यासाला बसतो. टेबलाखाली फुलाफुलांच्या जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी असतं, त्यावर मी तीन वर्षं पाय ठेवून बसत आले आहे. मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. कुणाच्या घरी टेबलाखाली कचऱ्याचा डबा असतो, आमच्याकडे चाक होतं.

“घरात चाक?” अंगठा धरून कुलूप म्हणाली. “आणि जॅक कुठे ठेवता, देवासारखा कोनाड्यात?”

“चपलांच्या कपाटात. मागच्या बाजूला.”

लांबुडी म्हणाली, “तू मोठ्या बाईंना विचारतेस, बाबांना विचारून दाखव. नाहीतर खिडकी आजपासून बंद.”

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा बुटाची नाडी बांधत असताना, मी वरचा प्रश्न विचारला.

“वजनात बसत नाही,” बाबा म्हणाले, दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि निघून गेले.

आता बाबांचं काम सांगते. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात आणि तपासतात. दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे. काटा खरं बोलतो का हे बघायला त्यांच्याकडे वीस-वीस किलोची दहा लोखंडी वजनं आहेत आणि एका पेटीत छोटी वजनं आहेत, मखमलीत झोपवलेली. या वजनांना उघडा हात लावायचा नाही, कारण हाताचा घाम लागून गंज चढतो. ती जमिनीवर ठेवायची नाहीत, कारण तळाला माती चिकटते. वीस किलोमागे एक-दोन ग्रॅमचा फरक पडला तरी ते वजन खोटं. लहानपणी मला कडेवर घेण्याआधी बाबा हात पुसायचे आणि वजनांना घेण्याआधी हातमोजे घालायचे, यावरून घरात कुणाचा मान किती ते समजून घ्यावं.

अशा माणसाला वजनाचं वेड असतंच. बाजारातून आलेली पिशवी बाबा उचलतात आणि सांगतात, “चार किलो दोनशे.” आई मग मुद्दाम काट्यावर ठेवते. चार किलो एकशे नव्वद निघालं तर ती दिवसभर खूश असते. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा मलाही बाहेरच्या खोलीतल्या काट्यावर उभं करतात आणि छोट्या वहीत आकडा लिहितात. आईला वाटायचं, पोरीच्या तब्येतीची काळजी. मलाही तेच वाटायचं.

वर्षातून एकदा ही सगळी वजनं स्वतःच परीक्षेला बसतात. शहराबाहेर तीस-पस्तीस किलोमीटरवर वजनमापांचं कार्यालय आहे, तिथे ती न्यायची, तपासून घ्यायची आणि शिक्का मारलेला कागद आणायचा. तो कागद नसला तर बाबांना शहरातल्या एकाही काट्याला हात लावता येत नाही. ज्या सकाळी मी प्रश्न विचारला ती नेमकी त्या परीक्षेची सकाळ होती. दुपारी एकच्या आत वजनं आत गेली पाहिजेत, नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि जुन्या कागदाची मुदत त्याच दिवशी संपणार होती.

आमच्या शाळेत त्या दिवशी दुसऱ्याच कुणाची तरी परीक्षा होती, म्हणून आम्हाला सुट्टी. लांबुडी आणि कुलूप नऊलाच हजर झाल्या.

“काय म्हणाले?”

“वजनात बसत नाही, म्हणाले.”

“हे उत्तर झालं?” कुलूप म्हणाली. “डिकीच्या तळाला तिच्यासाठी गोल खड्डा असतो. आमच्या मामाच्या गाडीत मी पाहिलाय. न बसायला ती काय हत्ती आहे?”

पुढचा प्रश्न काय विचारायचा यावर आमची चर्चा चालू असताना फोन वाजला.

“आई आहे का?” बाबा.

“कामाला गेली.” आई एका शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतते. दुपारच्या सुट्टीआधी तिला फोन मिळत नाही.

“बरं. मग राहू दे.”

“काय झालं?”

मागे गाड्यांचा आवाज होता. मग म्हणाले, “पंक्चर झालंय. कौलांच्या कारखान्यापुढे, वळणावर. पंक्चरवाल्याला फोन केला, तो म्हणतो दुपारी दोनपर्यंत येतो. वजनं सोडून मला कुठे जाता येत नाही.”

दोन वाजता येऊन काही उपयोग नव्हता.

“मी आणते स्टेपनी.”

“अकरा किलो आहे ती. जॅक आणि पाना मिळून चार.”

“खोली झाडताना मीच ती सरकवते, बाबा. त्या रस्त्याची बस इथूनच जाते.”

“अगं, पण...”

मी फोन ठेवला. बाबांचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदाच असा ठेवला.

चाक चादरीसकट बाहेर काढलं. जॅक चपलांच्या मागून ओढला, तेव्हा त्याच्याबरोबर माझी पाचवीतली एक हरवलेली चप्पलही निघाली. जॅक आणि पाना दप्तरात टाकले. पान्याचं टोक चेनमधून बाहेर राहिलं. जिना उतरल्यावर चाक आम्ही उचललं नाही, गडगडवलं. उतारावर लांबुडी पुढे धावत होती, चाकाला अडवायला, आणि कुलूप मागून रस्त्यावरच्या माणसांना सांगत होती, “पंक्चर झालंय हो, तिच्या बाबांचं.” बसथांब्यापर्यंत निम्म्या वस्तीला बातमी कळली होती.

पेट्रोल पंपाजवळ लांबुडी थांबली. “एक विचारू? यात हवा आहे का?”

मी अंगठ्याने दाबून पाहिलं. तीन वर्षं माझ्या टाचांखाली राहिलेलं चाक होतं ते. अंगठा थोडा आत गेला.

हवा भरणाऱ्या माणसाने चाक पाहिलं, आम्हाला पाहिलं. “गाडी कुठाय?”

“अठरा किलोमीटर पुढे.”

“मग चाक इकडे कसं आलं?”

“ते घरीच असतं,” मी म्हणाले. त्याने पुढे काही विचारलं नाही, हवा भरून दिली. काही उत्तरं अशी असतात की समोरचा आपणहून गप्प बसतो.

बस आली. दोघी खाली राहिल्या, मी आणि चाक वर चढलो. कंडक्टर म्हणाला, “हे आमच्या बसला लागत नाही बरं का.”

“माहितीये. मीही तुमच्या बसची नाही. वळणावर उतरणार.”

“कोणतं वळण?”

“जिथे एक माणूस पंक्चर झालेल्या गाडीपाशी उभा असेल ते.”

त्याने चाक ड्रायव्हरच्या मागे उभं करू दिलं आणि मला ते दोन्ही गुडघ्यांत धरून बसायला सांगितलं. वाटेत एका आजींनी त्यावर आपली पिशवी ठेवली आणि विचारलं, “माहेरचं का सासरचं?” सगळी बस हसली. दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर पुढच्याच थांब्यावर उतरले असते. मी म्हणाले, “माहेरचं आहे आजी, पण अजून रांगतं.” मग पुन्हा हशा झाला, आणि या वेळचा माझा होता.

बाबा वळणावर उभे होते. गाडी डाव्या अंगाला झुकली होती, मागचं चाक पार बसलं होतं. बस थांबली, कंडक्टरने खाली उतरून चाक माझ्या हातात दिलं आणि बाबांना म्हणाला, “घरी अजून काय काय ठेवलंय? स्टिअरिंग आहे ना इथे?” बाबा हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

भरल्या गाडीखाली जॅक लावायचा नाही, असं बाबा म्हणाले. रस्त्याच्या कडेची माती भुसभुशीत होती. म्हणजे आधी वजनं उतरवायला हवीत, आणि वजनं जमिनीवर ठेवता येत नाहीत. बाबा इकडेतिकडे बघत उभे राहिले. दोन तास ते तिथे होते आणि दोन तास याच प्रश्नाशी अडून बसले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी चाकावरची चादर सोडली, झटकली आणि बाहेरची बाजू आत घेऊन चौपदरी घडी घालून गवतावर पसरली. बाबांनी खाली बसून घडीवर हात फिरवला, आई कापड बघताना फिरवते तसा.

“चालेल,” ते म्हणाले.

हातमोज्यांचा जोड एकच होता. मी पायमोजे काढले.

“धुतलेले आहेत?”

“आज सकाळचे आहेत.”

त्यांनी एक क्षण विचार केला. “उलटे करून घाल.”

पायमोजे उलटे करून हातांत घातले आणि आम्ही दहाच्या दहा वजनं एकेक करून चादरीवर नेली. सहा त्यांनी, चार मी. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या हळू होत होत्या. रस्त्याच्या कडेला फुलाफुलांच्या चादरीवर दहा लोखंडी वजनं रांगेत बसलेली आणि त्यांच्याजवळ पायमोजे घातलेल्या हातांची मुलगी. मीही गाडीत असते तर हळू केली असती.

नट हलेनात. बाबांनी पाना लावून जोर केला, मान लाल झाली, नट जागचा हलला नाही.

“सरका,” मी म्हणाले, आणि पान्याच्या दांड्यावर चढून उभी राहिले. बाबांनी माझा दंड धरला. कुरकुर झाली, दांडा खाली गेला, मी त्याच्याबरोबर खाली आले. चारही नट असेच सोडवले. सेहेचाळीस किलो आहे मी. आजवर हा आकडा नुसता वहीत जायचा, त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला.

बारा वाजायच्या आत चाक बदललं. बाबांनी ते तीनदा तपासलं, वजनं पुन्हा डिकीत रचली, पंक्चर झालेलं चाक उचललं, गाडीच्या दाराशी नेलं आणि थांबले. त्यांचे ओठ हलत होते. बाबा हिशेब करतात तेव्हा त्यांचे ओठ हलतात.

“काय झालं?”

“काही नाही. बस.” पण चाक त्यांनी आत ठेवलं नाही.

“काय बसत नाही, बाबा?”

त्यांनी चाक खाली ठेवलं आणि खिशातून ती छोटी वही काढली. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. माझ्या वजनाची वही, तिच्यात बघायचं काय.

एका पानावर लिहिलं होतं: मोठी वजनं दोनशे. छोट्यांची पेटी अकरा. हत्यारं सतरा. मी सत्तर. ती सेहेचाळीस. दप्तर सहा. आणि खाली रेघ मारून साडेतीनशे. गाडीने न्यायचं जास्तीत जास्त वजन तेवढंच आहे, तसं तिच्या पुस्तकात छापलंय.

मी मागची पानं उलटली. माझा आकडा वाढत गेला होता आणि समोर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. चौथी: बावीस. तेव्हा समोर काही नव्हतं. पाचवी: हत्यारांतला मोठा हातोडा काढला. सहावी: जॅक, पाना काढले. सातवी: स्टेपनी काढली.

चौथीत माझा पाय मोडला होता. प्लॅस्टर असेपर्यंत मला गाडीने शाळेत सोडायचं, असं ठरलं होतं. दोन महिन्यांसाठी. प्लॅस्टर निघालं, पाय बरा झाला, आणि त्यानंतर आजपर्यंत बाबा मला रोज सोडायला येतात. कामाला जाताना, डिकीत सगळी वजनं घेऊन. जाताना आम्ही दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचतो आणि कुणाचा काटा हलका आहे ते बाबा मला सांगतात, कुणाला न सांगण्याच्या अटीवर. ते मी कुलूपलाही सांगितलेलं नाही.

“म्हणजे मी बसावं म्हणून ती काढली,” मी म्हणाले.

“दुसऱ्याच्या काट्यात पाच ग्रॅमचा फरक निघाला तर मी त्याला दोष देतो,” बाबा म्हणाले. “मग मीच पंधरा किलो जास्त घेऊन कसा फिरू?”

“पण आज मी नव्हते. आज तर बावन्न किलोंची जागा होती.”

बाबांनी वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतका हिशेबी माणूस, तीन वर्षांत एकदाही उलटा हिशेब मांडलेला नव्हता.

“लक्षातच आलं नाही,” ते म्हणाले. “तू असतेसच, असं धरून चालतो.”

एक ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने वहीची पानं फडफडली, मी ती मिटून बाबांना दिली.

“आता किती होतात?” मी विचारलं. “मी, हे चाक आणि जॅक धरून.”

“तीनशे एकोणसाठ.” ओठ न हलवता. म्हणजे आधीच काढून ठेवलेलं होतं. “बस तू. नऊ किलोंनी काही होत नाही.”

हे वाक्य बाबांच्या तोंडून मी कधी ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. एका ग्रॅमसाठी भर दुकानात भांडलेला हा माणूस. त्यांनाही ते बोलून बरं वाटलं नसावं, कारण ते लगेच टायर बघायला वाकले.

“चाक घेऊन जा,” मी म्हणाले. “कार्यालयाजवळ पंक्चर काढून घ्या. येताना पुन्हा काही झालं तर हाताशी असेल. मी बसने जाते.”

“मुलीला रस्त्यात सोडून चाक घेऊन जाऊ?”

“चाकाला हात दाखवून बस थांबवता येत नाही. मला येते.”

ते उभे राहिले. साडेबाराला पंचवीस मिनिटं कमी होती. मी दार उघडलं, चाक माझ्या नेहमीच्या जागेवर ठेवलं, आणि ते घरंगळू नये म्हणून त्याला पट्टाही लावला. बाबांनी गाडी सुरू केली आणि काच खाली केली.

“पोचलीस की फोन कर.”

“तुम्ही आधी पोचा.”

गाडी वळणाआड गेली. माझ्या जागेवर चाक ताठ बसलं होतं, माझ्यापेक्षा शिस्तीत. माझ्या हातांत अजून पायमोजे होते. बस यायला चाळीस मिनिटं लागली आणि ती तीच बस होती. कंडक्टर म्हणाला, “चाक विकलं?”

“नाही,” मी म्हणाले, “जागेवर बसवलं.”

संध्याकाळी बाबा शिक्का मारलेला कागद घेऊन आले. एकला सात मिनिटं कमी असताना ते आत गेले होते. दहाही वजनं खरी निघाली होती. आईने कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि कपाटात ठेवला. मग पायमोज्यांची गोष्ट तिने दोनदा ऐकली, एकदा त्यांच्याकडून आणि एकदा माझ्याकडून, आणि म्हणाली की धुतलेले नव्हते हे तिला तेव्हाच कळलं असतं.

जेवणं झाल्यावर बाबा खाली गेले आणि वर आले तेव्हा त्यांच्याबरोबर चाक होतं, पंक्चर काढलेलं. ते त्यांनी बाहेरच्या खोलीतून माझ्या खोलीकडे गडगडत न्यायला सुरुवात केली. आई चादर शोधत होती.

मी दारात उभी राहिले. मैदानात उभी होते तशी, दोन्ही पाय रोवून. आवाज मात्र तेवढा लागला नाही. चाळीस मिनिटं वळणावर बसून मी सगळं ठरवलं होतं. पाट्या वाचणंसुद्धा त्या हिशेबात धरलं होतं, आणि ते किती किलोंचं हे मला नीट मांडता आलं नव्हतं.

“हे परत खाली न्या, बाबा,” मी म्हणाले. “उद्यापासून स्टेपनी आणि जॅक गाडीत राहतील. मी लांबुडीबरोबर बसने शाळेत जाणार आहे. आई, पाय बरा होऊन सहा वर्षं झाली, तेव्हा त्याबद्दल काही बोलू नकोस. आणि एक तारखेला मला काट्यावर उभं करायचं असेल तर करा, पण आकडा माझ्या वहीत मी लिहीन.”